दोन सर्व्हर, एकच डिस्क: डेटा पुन्हा पुन्हा खराब होतोय किंवा फेलओव्हर अडकतोय? मग हे तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. दोन सर्व्हर, मध्ये सॅस (थेट केबलने) किंवा आयस्कझी (नेटवर्कवरून) जोडलेल्या स्टोरेजचा एक डबा, आणि एक सर्व्हर बसला की दुसऱ्याने तीच डिस्क उचलून काम पुढे न्यायचं (हाच फेलओव्हर), अशी मांडणी. बसवल्यावर काही आठवडे सगळं सुरळीत चालतं. मग एका सकाळी फाइल सिस्टीम रीड-ओन्ली झालेली सापडते. फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारं एफएससीके चालवलं की भराभर चुका दुरुस्त होतात, काम सुरू होतं, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. मधल्या काळात डिस्क बदलून होते, केबल बदलून होतात, कंट्रोलरवर नवं फर्मवेअर चढवून होतं. वेंडरचा माणूस येतो, डिस्कची स्मार्ट तपासणी करतो आणि "हार्डवेअर ओके" लिहून सही घेऊन जातो.

तो खोटं बोलत नसतो. हार्डवेअर खरोखरच ओके असतं.

दुसरी तक्रार वरवर याच्या उलट दिसते: डेटा शाबूत आहे, पण ऐन वेळी दुसरा सर्व्हर काम उचलतच नाही. क्लस्टर, म्हणजे ही सर्व्हरची जोडी, नुसता अडून बसतो. या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच निघतं. डिस्क दोन्ही मशीनना दिसेल अशी जोडणी अर्ध्या दिवसात होते. अवघड भाग पुढचा आहे: डिस्क उचलण्याआधी साथीदाराने ती सोडली आहे, याची खात्री कशी करायची? साथीदार दिसत नाही म्हणजे तो बंद आहे, असं ज्यांनी धरून चालवलं त्यांचा डेटा जातो. आणि बंद आहे हे सिद्ध करायची सोय ज्यांनी नीट केलेली नसते, त्यांचा फेलओव्हर अडकतो.

पुढचं सगळं लिनक्स, पेसमेकर (कोणतं काम कोणत्या सर्व्हरवर चालेल ते ठरवणारा) आणि कोरोसिंक (सर्व्हर एकमेकांना दिसतात का ते बघणारा) धरून लिहिलं आहे. नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने असोत की शहरातल्या धंतोली-रामदासपेठेतली हॉस्पिटलं, मधल्या आकाराच्या ठिकाणी हीच जोडी जास्त दिसते, आणि तिथे प्रिंटर, सीसीटीव्ही, बायोमेट्रिक हजेरी आणि क्लस्टर हे सगळं बघणारा माणूस एकच असतो. विंडोजवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

काहीही करण्याआधी

फाइल सिस्टीम रीड-ओन्ली झाली असेल तर घाईने एफएससीके चालवू नका. आधी दोनपैकी एक सर्व्हर पूर्ण बंद करा. सर्व्हिस थांबवून किंवा स्टँडबायला टाकून भागणार नाही, वीज काढा. दुसऱ्या मशीनवर तीच डिस्क माउंट असताना पहिल्यावर एफएससीके चालवलं, तर जेवढं उरलंय तेही हातचं जाईल. स्टोरेजमध्ये स्नॅपशॉटची सोय असेल तर दुरुस्तीआधी एक घेऊन ठेवा. मग राहिलेल्या मशीनवर डिस्क अनमाउंट करून तपासणी करा, आणि पहिल्यांदा "काहीही बदलू नको, फक्त सांग" या पर्यायाने चालवा. तिने काढलेली यादी वाचण्यासारखी असते. दोन फाइलींनी एकाच ब्लॉकवर हक्क सांगितलाय, एखादा इनोड (फाइलची मूळ नोंद) डिलीट झालाय पण डिरेक्टरीत त्याचं नाव अजून आहे, मोकळ्या ब्लॉकचा हिशोब जुळत नाही. अशा चुका ढिगाने असतील आणि डिस्कच्या लॉगमध्ये एकही रीड एरर नसेल, तर डिस्क बिचारी निर्दोष आहे. दोघांनी मिळून तिच्यावर लिहिलंय.

दोघं एकाच वेळी लिहितात म्हणजे काय होतं

ईएक्सटी4, एक्सएफएस, एनटीएफएस या फाइल सिस्टीम एका वेळी एकच कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आपल्याला हाताळतो असं गृहीत धरून लिहिल्या आहेत. कर्नल डिस्कवरचा हिशोब एकदा वाचतो आणि मेमरीत ठेवतो. पुढे तो त्याच प्रतीवर विसंबून चालतो, दर वेळी डिस्क उघडून बघत नाही. इतवारीतल्या एखाद्या पेढीवर दोन मुनीम बसवले, दोघांना सकाळी एकाच खतावणीची झेरॉक्स दिली, आणि संध्याकाळी दोघांनी आपापली झेरॉक्स मूळ वहीत उतरवली, तर जे होईल तेच इथे होतं. जो नंतर उतरवतो त्याचं खरं ठरतं, आणि पहिल्याच्या नोंदी अर्ध्या राहतात, अर्ध्या पुसल्या जातात.

आयस्कझी, सॅस किंवा फायबर चॅनेल दोन्ही मशीनना डिस्क आनंदाने दाखवतं. त्याचं काम ब्लॉक पोचवणं, आत फाइल सिस्टीम कोणती आहे हे त्याला ठाऊकच नसतं. नॅसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेजच्या डब्यावर) लन, म्हणजे सर्व्हरला दिसणारी डिस्क, बनवताना "एकापेक्षा जास्त सेशनला परवानगी द्या" असा एक चौकोन असतो. त्यावर टिक करताना क्लस्टरला चालणारी फाइल सिस्टीम वापरा असा इशारा येतो. तो इशारा वाचायच्या आतच बहुतेकांनी ओके दाबलेलं असतं.

मग प्रश्न येतो: "आमच्याकडे तर डिस्क एकाच वेळी दोन्हीकडे माउंट करतच नाही, तरी असं का?" करत असता, फक्त तुम्हाला माहीत नसतं. शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली जागा एफएसटॅब, म्हणजे बूट होताना कोणत्या डिस्क माउंट करायच्या त्याची फाइल. बसवणाऱ्याने चाचणीसाठी दोन्ही सर्व्हरच्या एफएसटॅबमध्ये डिस्कची ओळ टाकलेली असते, पुढे क्लस्टर उभा राहिला तरी ती तशीच पडून राहते. रोजच्या कामात तिचा त्रास नाही, कारण दुसरा सर्व्हर रीबूटच होत नाही. ज्या दिवशी होतो, त्या दिवशी क्लस्टर जागा व्हायच्या आधीच सिस्टीमडी (लिनक्समध्ये बूटची कामं चालवणारा) डिस्क माउंट करून मोकळा होतो. ओळ काढून टाका. "नोऑटो" लिहून ठेवण्यापेक्षा काढणंच बरं, नाहीतर उद्या कोणीतरी "माउंट" एवढंच टाइप करून एंटर मारेल.

दुसरी जागा बॅकअप. एका ठिकाणी फाइल सिस्टीम नेमकी सोमवारी सकाळी बिघडायची. तिथल्या अकाउंट्सच्या ताईंनी तर नियमच बांधून टाकला होता: "भाऊ, सोमवार म्हटला की सॉफ्टवेअर उघडूनच नाही राहत." क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी, उघडून बघितलं तर दुसऱ्या, म्हणजे रिकाम्या बसलेल्या सर्व्हरवर रविवारी रात्रीची एक स्क्रिप्ट होती. मुख्य सर्व्हरवर ताण नको म्हणून ती सामायिक डिस्क दुसऱ्या सर्व्हरवर रीड-ओन्ली माउंट करायची, टारने प्रत काढायची आणि अनमाउंट करायची. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता, फक्त वाचायचंच तर आहे. पण ईएक्सटी4 रीड-ओन्ली माउंट केली तरी जर्नल (करायच्या बदलांची नोंदवही) अर्धवट दिसल्यास आधी ते पुरं करते, म्हणजेच डिस्कवर लिहिते. आणि ज्या डिस्कवर दुसरं मशीन काम करतंय तिचं जर्नल अर्धवट दिसणारच. एक्सएफएसही तेच करते. ईएक्सटी4 ला "नोलोड" आणि एक्सएफएसला "नोरिकव्हरी" हे पर्याय दिले तर लिखाण टळतं, पण तेव्हाही वाचलेला डेटा धड नसतो. मूळ मशीन खालून हिशोब बदलत असतं. असा बॅकअप रिस्टोअर करायची वेळ येईल तेव्हा कळेल. बॅकअप ज्या सर्व्हरकडे डिस्क आहे त्याच्यावरूनच घ्या, किंवा स्टोरेजच्या स्नॅपशॉटवरून घ्या.

तिसरी जागा एलव्हीएम, म्हणजे डिस्कांचे गट (व्हॉल्यूम ग्रुप) करून त्यांचे भाग पाडणारी लिनक्सची सोय. सामायिक डिस्कवर व्हॉल्यूम ग्रुप असेल तर बूट होताना दोन्ही मशीन तो आपोआप सक्रिय करतात. पूर्वी यासाठी सीएलव्हीएमडी होतं, आता ते गेलं. एका वेळी एकच मशीन वापरणार असेल तर सिस्टीम आयडीची पद्धत सोपी पडते: एलव्हीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये सिस्टीम आयडीचा स्रोत "यूनेम" करा, म्हणजे नव्या व्हॉल्यूम ग्रुपवर मालकाचं नाव कोरलं जातं आणि दुसरं मशीन त्याला हात लावत नाही. फेलओव्हरच्या वेळी क्लस्टरच ते नाव बदलतो. जोडीला त्या ग्रुपचं आपोआप सक्रिय होणंही बंद करा. बदलानंतर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला वापरली जाणारी छोटी इमेज) नव्याने बनवायला विसरू नका, नाहीतर बूटच्या सुरुवातीला जुनीच कॉन्फिग वाचली जाते आणि "मी तर बदललं होतं" म्हणत डोकं खाजवत बसाल.

चौथी जागा माणूस. "थोडं बघतो" म्हणून कोणीतरी हाताने माउंट करतो. यावर कुलूप आहे आणि ते फुकट आहे: ईएक्सटी4 मधली एमएमपी, म्हणजे मल्टिपल माउंट प्रोटेक्शन. डिस्क अनमाउंट असताना ट्यूनटूएफएसने ती चालू करायची. मग माउंट असलेलं मशीन दर काही सेकंदांनी डिस्कवरच्या एका ठरावीक ब्लॉकवर आकडा बदलत राहतं. दुसऱ्या मशीनने माउंट करायचा प्रयत्न केला तर ते आधी थोडं थांबून तो आकडा हलतोय का बघतं, आणि हलत असेल तर माउंट नाकारतं. कोणत्या नावाचं मशीन वापरतंय हेही लॉगमध्ये लिहितं. एफएससीकेही याच कारणाने नकार देतं. माउंटला काही सेकंद जास्त लागतात, तेवढा वेळ क्लस्टरच्या टाइमआउटमध्ये धरा. एफएससीके मध्येच मेलं असेल तर एमएमपीचं चिन्ह अडकून राहतं आणि हाताने पुसावं लागतं, पण ते पुसण्याआधी दुसरं मशीन खरंच बंद आहे हे डोळ्यांनी बघा. एक्सएफएसमध्ये अशी सोय नाही. दोन मशीनवाल्या छोट्या मांडणीत मी एक्सएफएसऐवजी ईएक्सटी4 सुचवतो, त्याचं कारण एवढंच.

आणि खरोखरच दोन्हीकडून एकाच वेळी वाचायचं-लिहायचं असेल? मग जीएफएस2 किंवा ओसीएफएस2 लागेल. त्या फाइल सिस्टीम दोन मशीनमध्ये कुलपांची देवाणघेवाण करतात, म्हणून चालतात. पण दहातल्या नऊ ठिकाणी ही गरज नसते. एकाने डिस्क घ्यायची, एनएफएस किंवा सांबाने दुसऱ्याला फाइली द्यायच्या, एवढ्यात भागतं.

कनेक्शन सतत तुटतं आणि जुळतं

हा प्रकार छोटा आहे, पण भल्याभल्यांना रडवतो. पहिला सर्व्हर चालू असेपर्यंत आयस्कझी ठणठणीत. दुसरा चालू केला की दोघांची कनेक्शनं दर काही सेकंदांनी तुटतात, जुळतात, पुन्हा तुटतात. स्विचचे पोर्ट बदला, केबल बदला, फरक शून्य.

दोन्ही सर्व्हर एकाच इमेजवरून क्लोन केले असतील तर दोघांचं इनिशिएटर नाव (आयस्कझीत सर्व्हरची ओळख) एकच असतं. आयस्कझीचा नियम असा की त्याच नावाने आणि त्याच सेशन ओळखीने कोणी पुन्हा लॉगिन केलं, तर टार्गेट, म्हणजे स्टोरेजची बाजू, समजतं की हा जुनाच गडी परत आला. ते आधीचं सेशन मोडून नवं उभं करतं. ज्याचं मोडलं तो पुन्हा लॉगिन करतो, मग पहिल्याचं मोडतं. हे अखंड चालतं. ईटीसीखालच्या आयस्कझी फोल्डरमध्ये इनिशिएटरनेमची फाइल असते, दोन्ही मशीनवरची उघडून शेजारी शेजारी ठेवा. नाव सारखं निघालं तर एकाचं बदला, सर्व्हिस पुन्हा सुरू करा आणि टार्गेटवरच्या परवानगीच्या यादीत नवं नाव घाला. क्लोन केलेलंच असेल तर जाता जाता मशीन-आयडीही बघून घ्या.

लाईन गेली की फेलओव्हर अडकतो

नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर गेलेला असतो, चार वाजता आभाळ भरून येतं, वावधान सुटतं आणि लाईन जाते. जनरेटर उचलेपर्यंत काही सेकंद लागतात. सर्व्हर यूपीएसवर आहेत, त्यांना काहीच व्हायला नको. तरी नेमक्या त्या काही सेकंदांत क्लस्टर कोसळतो. "यूपीएस दमदार आहे" असं सांगणारे इलेक्ट्रिशियन दादाही बरोबर असतात.

अशा वेळी रॅक सोडा आणि त्याच्या मागची भिंत बघा. दोन्ही सर्व्हरना जोडणारा आठ पोर्टचा छोटा स्विच तिथे टांगलेला असतो आणि त्याचा अडॅप्टर भिंतीवरच्या साध्या बोर्डात खोचलेला असतो. त्याच बोर्डात अनेकदा कूलरचाही प्लग असतो. (सर्व्हर रूममध्ये डेझर्ट कूलर लावणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. खसच्या वासाने कंट्रोलरला बरं वाटत नाही. दमट हवेने कनेक्टर मात्र नक्की गंजतात.) लाईन गेली की स्विच मरतो. दोन्ही सर्व्हर जिवंत, डिस्क दोघांना दिसते, पण एकमेकांना ते दिसत नाहीत. कोरोसिंकचा टोकन टाइमआउट, म्हणजे समोरच्याची वाट बघण्याची मुदत, काही सेकंदांचाच असतो. तो संपला की प्रत्येकाच्या मते समोरचा गेला.

इथून दोन वाटा फुटतात. फेन्सिंग (समोरच्याला सक्तीने डिस्कपासून तोडण्याची सोय) बंद केलेलं असेल, म्हणजे "स्टोनिथ-एनेबल्ड" फॉल्स असेल, तर दोघंही डिस्क उचलतात. पुढची सोमवार सकाळ कशी जाईल ते वर लिहिलंय. इंटरनेटवरच्या पुष्कळ धड्यांत चाचणीपुरतं हे फॉल्स करायला सांगितलेलं असतं आणि ते तसंच प्रॉडक्शनला जातं. सामायिक डिस्क असलेल्या क्लस्टरमध्ये फेन्सिंग बंद ठेवणं म्हणजे दोघांना एकत्र लिहायची मुभा देणंच आहे, यावर वाद घालायला मी तयार नाही.

दुसरी वाट: फेन्सिंग चालू आहे आणि आयपीएमआयवर आहे. आयएलओ, आयड्रॅक वगैरे म्हणतात तेच. समोरच्याला त्या छोट्या व्यवस्थापन पोर्टमार्फत बंद करायचं आणि बंद झाल्याची खात्री मिळाली की डिस्क उचलायची. पण तो पोर्टही त्याच मेलेल्या स्विचवर असतो. आदेश पोचत नाही, खात्री मिळत नाही, क्लस्टर थांबून राहतो. त्याने थांबणं योग्यच आहे. खात्री नसताना डिस्क उचलणारा क्लस्टर तुम्हाला नकोच आहे.

याच घराण्यातला दुसरा प्रकार असा. एका सर्व्हरची वीजच गेली, यूपीएस बसला किंवा कोणाच्या पायाने वायर सुटली. आयपीएमआयचा चिप त्याच सर्व्हरच्या विजेवर जगतो, म्हणून सर्व्हरसोबत तोही मेला. आता "बंद हो" म्हणायला समोर कोणी नाही आणि "बंद झालो" म्हणायलाही नाही. सर्व्हर खरोखर बंद आहे, तरी ते सिद्ध होत नाही. ज्या घटनेसाठी एवढा खर्च केला त्याच घटनेत फेलओव्हर होत नाही, हे ऐकून मालक कपाळावर हात मारतो.

उपाय स्वस्तापासून महागाकडे सांगतो. स्विच यूपीएसवर घ्या, आजच. मग दोन सर्व्हरमध्ये स्विचला वगळून एक थेट केबल टाका आणि कोरोसिंकला ती दुसरी लिंक म्हणून द्या. कोरोसिंक 3 अशा आठपर्यंत लिंक सांभाळतं. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील तर ते दोन वेगळ्या यूपीएसवर टाका, दोन्ही एकाच एक्स्टेन्शनवर खोचलेले मी भरपूर बघितलेत. यूपीएसच्या बॅटऱ्या कधी बदलल्या तेही विचारा. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य 25 अंशांच्या वर दर 8-10 अंशांना जवळपास निम्मं होतं, म्हणजे कंपनीने छापलेली वर्षं जिन्याखालच्या बिनएसीच्या खोलीसाठी नाहीत.

त्यानंतर फेन्सिंगचा दुसरा मार्ग. लहान ठिकाणी मला एसबीडी आवडतो, कारण त्याला वेगळं यंत्र लागत नाही. सामायिक स्टोरेजवर काही एमबीचा एक छोटा लन काढायचा. समोरच्यासाठी "विषाची पुडी" त्या लनवर लिहिली जाते, समोरचा ती वाचतो आणि स्वतःला रीसेट करतो. वाचायच्या स्थितीत नसेल, डिस्क हरवली असेल किंवा लटकला असेल, तर त्याच्यातला हार्डवेअर वॉचडॉग (ठरल्या वेळात हजेरी लागली नाही तर मशीन रीसेट करणारा घटक) त्याला पाडतो. आणि समोरच्याची वीजच गेली असेल तरी ठरलेला वेळ उलटला की तो संपला असं खात्रीने धरता येतं, कारण वॉचडॉगने तोवर त्याला पाडलेलंच असणार. स्विच मेला म्हणून अडत नाही, आयपीएमआय मेला म्हणूनही अडत नाही. फक्त आयस्कझी त्याच स्विचवरून जात असेल तर आधी ते वेगळं करा. वेळा नीट बसवा: वॉचडॉग 15 सेकंद असेल तर एमएसजीवेट (पुडी लागू पडली असं धरायची मुदत) निदान 30, आणि स्टोनिथ टाइमआउट त्याच्याहून जास्त, 40 च्या आसपास. मल्टिपाथ (डिस्ककडे जायचे एकाहून जास्त रस्ते) असेल तर एक रस्ता तुटून दुसरा लागायला जेवढा वेळ जातो त्याहून वॉचडॉग मोठा हवा, नाहीतर केबल हलली तरी सर्व्हर आत्महत्या करेल. सॉफ्टडॉगवर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या वॉचडॉगवर, भिस्त ठेवू नका. कर्नल लटकला की तोही लटकतो.

आयपीएमआयच ठेवायचं असेल तर दोन गोष्टी बघा. दोघंही एकाच क्षणी एकमेकांना बंद करतात आणि दोन्ही आडवे होतात, हे होऊ नये म्हणून एका सर्व्हरच्या फेन्स साधनाला दहा-पंधरा सेकंदांचा उशीर द्या, "पीसीएमके-डिले-बेस" हा पर्याय त्यासाठीच आहे. दुसरं, लॉगिन्डच्या कॉन्फिगमध्ये पॉवर बटणाकडे दुर्लक्ष करायला सांगा. ते केलं नाही तर बंद करण्याचा आदेश आल्यावर सर्व्हर शिस्तीत एकेक सर्व्हिस थांबवत बसतो, आणि तेवढ्यात टाइमआउट होऊन फेन्सिंग फेल गेलं अशी नोंद होते.

सगळी वीज जाऊन आली, आणि एकच सर्व्हर उठला

दोन नोडच्या (नोड म्हणजे क्लस्टरमधला एक सर्व्हर) क्लस्टरमध्ये "टू-नोड" चालू केलं की "वेट-फॉर-ऑल" आपोआप लागतं. म्हणजे दोघंही बंद होऊन उठले तर निदान एकदा तरी एकमेकांना बघितल्याशिवाय कोणीच काम सुरू करणार नाही. दुसऱ्याचा पॉवर सप्लाय जळाला असेल तर पहिला उठून नुसता बसून राहतो. लोक याला बिघाड समजून वेट-फॉर-ऑल काढून टाकतात. मग पुढच्या वेळी स्विच उशिरा उठला की प्रत्येक सर्व्हर उठतो, दुसरा दिसत नाही म्हणून त्याला पाडतो, तो उठून याला पाडतो. रात्रभर खेळ.

ती सेटिंग राहू द्या. अशा वेळी हाताने सोडवायचं असतं: पेसमेकर हाताळायच्या पीसीएस या साधनात कोरम (काम सुरू करायला पुरेसे सर्व्हर हजर असण्याची अट) "अनब्लॉक" करायचा आदेश आहे, आणि अडकलेल्या फेन्सिंगला "हो, तो बंद आहे" असं सांगणारा "स्टोनिथ कन्फर्म" आहे. दोन्ही आदेश म्हणजे तुमची जबानी. तुम्ही बोललात ते क्लस्टर खरं मानतो. म्हणून फोनवरून देण्याआधी साइटवरच्या माणसाला त्या सर्व्हरच्या मागच्या दोन्ही वायरी काढायला लावा आणि समोरचा दिवा विझला हे त्याच्या तोंडून ऐका. आमच्याकडे असं संभाषण झालेलं आहे:

"दादा, वरचा सर्व्हर की खालचा?"

"सर, दोन्हीवर एकच स्टिकर आहे. सर्व्हर 1."

"बरं, मग वायरीला हात लावू नका अजून."

आधी चालू सर्व्हरचा ओळख दिवा पेटवला, निळा दिवा कोणाचा लागला ते विचारलं, आणि मग दुसऱ्याच्या वायरी काढायला सांगितल्या. स्टिकरं मोठ्या अक्षरात, पुढे आणि मागे, दोन्ही बाजूंना लावा. पॉवर केबलवरही लावा.

रिझर्वेशन कॉन्फ्लिक्ट

काही मांडण्यांत फेन्सिंग डिस्कवरच केलेलं असतं: स्कझी-3 चं पर्सिस्टंट रिझर्वेशन. प्रत्येक सर्व्हर डिस्ककडे आपली किल्ली नोंदवतो, आणि नोंद असलेल्यांनाच लिहिता येतं. समोरच्याला हाकलायचं तर त्याची किल्ली पुसायची. पद्धत सुरेख आहे. लक्षात ठेवायचं एवढंच की समोरचा चालूच राहतो, फक्त त्याला लिहिता येत नाही. त्यामुळे त्याच्यावर वॉचडॉगची तपासणी स्क्रिप्ट लावून तो रीबूट होईल असं बघा.

लॉगमध्ये "रिझर्वेशन कॉन्फ्लिक्ट" पुन्हा पुन्हा दिसत असेल तर एसजी-पर्सिस्ट या कमांडने नोंदलेल्या किल्ल्या वाचा. दोन सर्व्हर आणि प्रत्येकाचे दोन रस्ते असतील तर चार नोंदी दिसायला हव्यात, कारण नोंद रस्त्यागणिक असते, सर्व्हरगणिक नाही. तीनच दिसल्या तर कुठलातरी एक रस्ता बूटच्या वेळी तुटलेला होता, नंतर जुळला, पण किल्लीविना. रोजचं काम चांगल्या रस्त्यावरून चालतं. ज्या दिवशी मल्टिपाथ त्या दुसऱ्या रस्त्यावर जातो त्या दिवशी लिखाण फेटाळलं जातं. मल्टिपाथ असेल तर मल्टिपाथच्या कॉन्फिगमध्ये रिझर्वेशन की लिहा आणि त्यासाठीचंच फेन्स साधन, फेन्स-एमपाथ, वापरा. रस्ता परत आला की मल्टिपाथडी स्वतः नोंद करतो. स्टोरेजच्या डब्याची वीज गेली की किल्ल्या पुसल्या जातात का, हेही तपासा. नोंदी वीज जाऊनही टिकाव्यात यासाठी एपीटीपीएल नावाचा पर्याय आहे, डबा तो पाळत असेल तर लावा. साध्या साटा डिस्कना रिझर्वेशन समजतच नाही, तिथे हा मार्ग नाही.

मल्टिपाथवरून आणखी एक. सगळे रस्ते तुटले तर "रांगेत ठेव" ही सेटिंग एकट्या सर्व्हरला ठीक असते. क्लस्टरमध्ये तिच्यामुळे प्रोसेस डी स्टेटमध्ये (डिस्कची वाट बघत, मारताही न येणाऱ्या अवस्थेत) गोठतात, अनमाउंट होत नाही, रिसोर्स थांबत नाही, आणि शेवटी अख्खा नोड पाडावा लागतो. रांगेला मर्यादा घाला. आयस्कझीचा रिप्लेसमेंट टाइमआउटही मुळात 120 सेकंद असतो. मल्टिपाथखाली तो पाचाच्या आसपास आणा.

विंडोजवाल्यांसाठी

एनटीएफएसची गोष्ट वेगळी नाही. फेलओव्हर क्लस्टरची सुविधा न बसवता डिस्क मॅनेजमेंटमध्ये दोन्हीकडे डिस्क "ऑनलाइन" केली की तोच घोटाळा. क्लस्टर व्हॅलिडेशनची तपासणी पर्सिस्टंट रिझर्वेशन चालतं का ते बघते, तिथे लाल फुली आली तर "नंतर बघू" म्हणू नका. आणि दोन नोडना विटनेस (बरोबरी झाली तर निर्णायक मत देणारा तिसरा) हवाच. तो डिस्कवर ठेवा, तिसऱ्या मशीनच्या शेअरवर ठेवा किंवा क्लाऊडवर.

चाचणी कशी घ्यायची

स्टँडबायची कमांड देऊन डिस्क इकडून तिकडे गेली म्हणजे चाचणी झाली, असं कागदावर लिहून दिलेलं असतं. त्यात दोन्ही सर्व्हर शहाण्यासारखे वागत असतात, म्हणून ते सिद्ध काहीच करत नाही. इंटरफेस सॉफ्टवेअरने डाउन करणंही खऱ्या बिघाडासारखं वागत नाही. खरी चाचणी अशी: चालू सर्व्हरच्या दोन्ही वायरी उपटा. मग वेगळ्या दिवशी फक्त स्विचची वीज काढा. मग सिसआरक्यूने (कर्नलला थेट आदेश देण्याची सोय) कर्नल मुद्दाम पाडा. मग स्टोरेजची एक केबल काढा, थांबा, लावा, दुसरी काढा. प्रत्येक वेळी घड्याळ लावून डिस्क दुसरीकडे माउंट व्हायला किती वेळ लागला ते लिहा आणि फेन्सिंगच्या इतिहासात यशस्वी नोंद आहे का बघा. डिस्क गेली पण फेन्सिंगची नोंद नाही, असं दिसलं तर आनंद मानू नका, तिथेच तपास सुरू करा. हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये उरकून घ्या. नवतप्यात सर्व्हर रूमचा एसी आधीच दमलेला असतो, तेव्हा मुद्दाम काही पाडायला जाऊ नये.

शेवटचं, पैसे मोजणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: सर्व्हर दोन आहेत, पण डबा एकच आहे. त्यात दोन कंट्रोलर आणि दोन पॉवर सप्लाय असले तरी बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात तो बोर्ड) एकच, आणि चुकून डिलीट झालेली फाइल दोन्ही सर्व्हरवरून सारखीच डिलीट झालेली असते. डब्याचीच भीती असेल तर डीआरबीडी बघा. त्यात डिस्क सामायिक नसते, प्रत्येकाची आपली असते आणि नेटवर्कवरून जुळवली जाते. मात्र फेन्सिंग तिथेही चुकत नाही. ते नसेल तर दोघांच्या प्रती फाटतात आणि कोणाची फेकायची हे तुम्हालाच ठरवावं लागतं. बॅकअप या दोन्हींहून वेगळा, वेगळ्या मशीनवर, शक्य तर वेगळ्या इमारतीत.